देह मातीला मिळतो तो क्रम

ग्वाल्हेरीस महंमद घौस यांच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनाची साधी कबर आहे आणि तिच्याजवळ चिंचेचे झाड. आजचे झाड मूळचे नव्हे, असे सांगतात. तरी तानसेन समारोहास येणारे कित्येक गवई त्याचा पाला तोंडात टाकतातच. त्याने गळा गोड होतो, ही जुनी श्रद्धा. तिच्यात तथ्य किती, हे पाहायचे तर मरणानंतर देहाचे काय होते, हा आपण टाळतो तो प्रश्न विचारावा लागतो.

हृदय थांबले की रक्त अंगाच्या खालच्या बाजूस उतरते व तिथली त्वचा जांभळी पडते. दोन-तीन तासांत पापण्या आणि जबडा ताठू लागतात, मग हातपाय. आपल्या घरांत डोळे लगेच मिटवतात, हनुवटी बांधतात, हातपाय सरळ करतात, त्याचे मर्म हेच. सुमारे १२ तासांत सर्वांग ताठ होते; पुढे तो ताठरपणा आपोआप सुटतो.

खरे विघटन आतून सुरू होते. पेशींतील पाचकरस पेशींनाच विरघळवतात. आतड्यांतले जंतू, जे जिवंतपणी अन्नावर पोसले, ते आता देहावर पोसतात. ओटीपोटाच्या उजव्या अंगास प्रथम हिरवट डाग दिसतो, मग वायूने पोट फुगते. उन्हाळ्यात हे दिवस-दीड दिवसात घडते, थंडीत सावकाश. मातीखाली वेग फार मंदावतो: उघड्या हवेतले एका आठवड्याचे काम तिथे आठ आठवडे घेते, असा वैद्यकातला जुना ठोकताळा आहे. नखे व केस मरणानंतर वाढतात हा मात्र भ्रम. कातडी आकसल्याने ती लांब भासतात.

हल्ली लेक परदेशाहून येईपर्यंत देह घरी ठेवावा लागतो. भर वैशाखात बर्फाच्या लाद्या पुरत नाहीत, शीतपेटीच हवी. तरीही वास आला, तर घरच्यांनी ओशाळू नये. त्यात मृताची अप्रतिष्ठा नाही, की सेवेत कसूर नाही.

गवयाचा गळाही याला अपवाद नाही. मऊ भाग आधी जातात, कूर्चा अधिक टिकते, हाडे वर्षानुवर्षे राहतात. देहातले नत्र आणि स्फुरद माती घेते, मातीतून झाडाची मुळे. तेव्हा कबरीजवळच्या पानांत त्या देहाचा अंश उतरतो, हे म्हणणे अगदीच निराधार नाही. गोडवा मात्र त्या वाटेने येत नाही. म्हणून पाला चघळून आलेल्या विद्यार्थ्यापुढेही आम्ही तंबोराच ठेवतो.