आरोळीमागचे आजारपण : नैराश्यातून घडलेल्या अल्बमचे बळ आणि मर्यादा

भिलाई (छत्तीसगड) : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार छत्तीसगडमध्ये दर एक लाख लोकसंख्येमागे आत्महत्यांचे प्रमाण २८.२ होते. त्या वर्षीची देशाची सरासरी १२.४ होती. हा विभाग ज्या ५३ मोठ्या शहरांची आकडेवारी स्वतंत्रपणे देतो, त्यांत दुर्ग-भिलाईनगरचाही समावेश आहे. अशा शहरात एखादा तरुण दार लावून, कानाला हेडफोन लावून तासन्‌तास किंचाळीसारखे आणि मरणाच्या छायेत वावरणारे संगीत ऐकत असेल, तर घरच्यांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. या संगीतामुळे मूल खचत चालले आहे, की आधीच खचलेल्या मुलाला त्या संगीताचाच आधार वाटतो आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ‘पोस्ट-हार्डकोर’ या संगीतप्रकारातील एका अल्बमची कथा उपयोगी पडते. अल्बम ऑस्ट्रेलियाचा आहे. परंतु त्याने उभे केलेले प्रश्न भिलाईच्या सेक्टरांतील घरांनाही लागू पडतात.

पोस्ट-हार्डकोरचे मूळ अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथील हार्डकोर पंक बँड अतिवेगवान, आखूड आणि बहुधा समाजावर संतापलेली गाणी वाजवीत. १९८५ मध्ये ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ या बँडचा अल्बम आला आणि हाच संताप आतल्या बाजूला वळला. राग सरकारवर नव्हे, तर स्वतःवर, तुटलेल्या नात्यांवर, हरवलेल्या माणसांवर. त्या बँडचे गायक गाय पिचिओटो पुढे ‘फुगाझी’त सामील झाले. अमेरिकेतील ‘थर्सडे’ या बँडच्या २००१ मधील ‘फुल कोलॅप्स’ अल्बमपर्यंत या प्रकाराचा साचा पक्का झाला होता : एक आवाज गळा फोडून ओरडणारा, दुसरा सुरेल, शांत कडव्यानंतर अचानक कोसळणारी गिटार. मानसिक आजाराच्या वर्णनासाठी हा साचा फार सोयीचा ठरला. बाहेरून शांत दिसणाऱ्या माणसाच्या आत काय चालले आहे, हे त्यात दोन आवाजांत एकाच वेळी ऐकू येते.

क्वीन्सलँड राज्यातील जिम्पी हे एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या खाणींमुळे वसलेले गाव. तेथे २००३ मध्ये ‘द अ‍ॅमिटी अफ्लिक्शन’ हा बँड उभा राहिला. अपघातात गेलेल्या एका मित्राची आठवण बँडच्या नावातच आहे. ओरडून गाणारे जोएल बर्च हे बँडचे गीतकारही आहेत. आपले नैराश्य, मद्याचे व्यसन आणि जीव नकोसा झाल्याचे दिवस याविषयी ते वर्षानुवर्षे उघडपणे बोलत आले आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना पिट्सबर्ग येथे ते कोसळले आणि प्रसंग जिवावर बेतला. पुढच्या वर्षी, जून २०१४ मध्ये, ‘लेट द ओशन टेक मी’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यातील एका गाण्याचे नावच ‘पिट्सबर्ग’ आहे. अल्बम प्रकाशित होताच ऑस्ट्रेलियाच्या अधिकृत विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

‘समुद्राने मला न्यावे’ अशा अर्थाचे हे शीर्षक ऐकून कोणीही दचकेल. मात्र हा अल्बम मरणाचे कौतुक करीत नाही. थकवा, अपराधीपणा, औषधे आणि मद्य, घरच्यांना दिलेला त्रास आणि तरीही दुसऱ्या दिवशी जागे होणे, हा त्याचा ऐवज आहे. ‘डोन्ट लीन ऑन मी’, म्हणजे ‘माझ्यावर भार टाकू नका’, या नावाचेही एक गाणे त्यात आहे. बर्च यांची आरोळी आणि बँडचे तेव्हाचे दुसरे गायक अ‍ॅरेन स्ट्रिंगर यांचा स्वच्छ सूर एकमेकांना उत्तर देतात तेव्हा एकाच डोक्यातील दोन मतांचा वाद ऐकल्यासारखा वाटतो. अल्बम सर्वत्र सारख्या ताकदीचा नाही. काही ठिकाणी चाली एकमेकींची नक्कल करतात आणि समुद्राची उपमा जरा जास्तच वेळा येते. तरीही श्रोत्याला ‘हे मला ठाऊक आहे’ असे वाटायला लावणारा प्रामाणिकपणा त्यात आहे.

याच बँडची आधीची वाटचाल मात्र अधिक वादग्रस्त होती. सप्टेंबर २०१२ मधील ‘चेसिंग घोस्ट्स’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर आत्महत्येचे थेट चित्र होते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील मंडळींनी त्यावर कडक टीका केली. या कृत्याचे परिणाम दाखवणे, त्याला नकार देणे हाच आपला हेतू आहे, असा बँडचा बचाव होता. हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु चित्र पाहणाऱ्यापर्यंत हेतू पोहोचत नाही, चित्र पोहोचते. दोन वर्षांनंतरच्या अल्बमचा विषय तोच होता. या वेळी मात्र भर कृत्यावर नव्हता, तर आजारावर आणि त्यातून वाचण्यावर होता.

हा फरक केवळ अभिरुचीचा नाही. आत्महत्येच्या बातम्या ठळकपणे छापल्यानंतर तशा घटना वाढतात, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले आणि गटेच्या कादंबरीच्या नायकावरून त्याला ‘वेर्थर परिणाम’ असे नाव दिले. याची दुसरी बाजू पुढे यायला २०१० उजाडावे लागले. व्हिएन्नातील संशोधकांना असे आढळले की, संकटात सापडलेल्या माणसाने त्यातून वाट कशी काढली याचे वृत्तांत संरक्षक ठरू शकतात. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या संगीतिकेतील पापागेनो तीन मुलांच्या समजावण्यामुळे जीव देण्यापासून परावृत्त होतो. म्हणून हा ‘पापागेनो परिणाम’. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना आणि भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये स्वीकारलेली तत्त्वे याच तर्कावर उभी आहेत : पद्धतीचे वर्णन नको, ठिकाणाचा तपशील नको, मदत कोठे मिळते ते सांगा.

संगीताच्या बाबतीत याचा सर्वांत ठोस पुरावा पोस्ट-हार्डकोरमधून नव्हे, तर रॅपमधून मिळाला. अमेरिकी रॅपर लॉजिक यांनी २०१७ मध्ये आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनचा क्रमांकच गाण्याचे शीर्षक म्हणून वापरला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, गाण्याची सर्वाधिक चर्चा असलेल्या ३४ दिवसांत हेल्पलाइनवर अपेक्षेपेक्षा ९,९१५ दूरध्वनी अधिक आले आणि २४५ आत्महत्या कमी नोंदल्या गेल्या. कार्यकारणसंबंध पूर्णपणे सिद्ध झाला असे अशा अभ्यासातून म्हणता येत नाही. तरीही आकडे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

मोठ्या आवाजाच्या संगीतामुळे डोके भडकते, या समजुतीचीही परीक्षा झाली आहे, तीही जिम्पी ज्या राज्यात आहे त्याच क्वीन्सलँडच्या विद्यापीठात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जहाल संगीत ऐकणाऱ्या १८ ते ३४ वयोगटातील ३९ जणांना आधी राग येईल अशा आठवणी सांगायला लावल्या. त्यानंतर निम्म्यांनी आपल्या आवडीचे संगीत ऐकले, उरलेले शांत बसले. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. उलट उत्साह आणि प्रेरणा वाटत असल्याचे त्यांनी नोंदवले. मात्र हा प्रयोग रागावरचा होता, नैराश्यावरचा नव्हे. नैराश्यात एकच दुःखी गाणे पुन्हा पुन्हा ऐकत त्याच विचारात घोळत राहण्याची सवय माणसाला अधिक खोल नेऊ शकते, याकडेही संशोधकांनी लक्ष वेधले आहे. म्हणून मूल काय ऐकते यापेक्षा ऐकल्यानंतर ते कसे असते, याकडे पालकांनी पाहणे अधिक उपयुक्त. खोलीबाहेर येऊन जेवते, मित्रांशी बोलते, की झोप, भूक आणि अभ्यास सगळेच दोन आठवड्यांहून अधिक काळ विस्कटले आहे?

भारतात जहाल संगीताची परंपरा नवी नाही. मुंबईच्या ‘स्क्राइब’ आणि ‘गॉडेस गॅग्ड’ या बँडांनी पंधरा वर्षांपूर्वीच हार्डकोर आणि पोस्ट-हार्डकोरचा श्रोता तयार केला. नैराश्यावर थेट बोलण्याचे काम दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ने केले. त्यांच्या २०१९ मधील ‘जी वीरे’ या गाण्यासोबत बँडने ऑनलाइन समुपदेशनाची सोयही जोडली. पुढे ते गाणे फेब्रुवारी २०२२ मधील ‘रक्षक’ या अल्बममध्ये आले. गाणे आणि डॉक्टर यांची सांगड घालण्याचा हा मार्ग मुखपृष्ठावरील धक्क्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा म्हणावा लागेल. आणि ताणलेल्या, फाटणाऱ्या आवाजाचे म्हणाल, तर भिलाईला तो परका नाही. जवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई तंबोरा उंचावून, उभ्याने, गर्जना करीत पंडवानीतून महाभारत सांगत. त्या भिलाई पोलाद प्रकल्पाच्या सेवेत होत्या आणि २०१९ मध्ये पद्मविभूषणच्या मानकरी ठरल्या.

भिलाईत आजाराची ओळख पटली, तरी पुढचा प्रश्न उपचारांचा असतो. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या या शहराने देशभरातून माणसे आणली. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. पुढच्या पिढ्यांसाठी कारखान्याची जागा अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेने घेतली. शिकवणी वर्गांसाठी शहराचे नाव झाले आणि २०१६ मध्ये आयआयटी भिलाईची स्थापना झाली. अशा वातावरणात ‘मला काही करावेसे वाटत नाही’ हे वाक्य आळस म्हणून ऐकले जाण्याचा धोका मोठा असतो.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगडही होते. दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्याने गाठलेले असते आणि अशा रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के उपचारांपर्यंत पोहोचत नाहीत, असे त्यात आढळले. छत्तीसगडचे सरकारी मनोरुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरी येथे आहे. रायपूरच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे, तो भिलाईकरांना तुलनेने जवळचा.

कायद्याची भीतीही आता राहिलेली नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही, आणि तिची काळजी व उपचार यांची जबाबदारी सरकारवर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडविधानातील कलम ३०९ उरलेलेच नाही.

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक विनाशुल्क असून दिवसरात्र चालू असतो आणि मराठी व हिंदीसह वीस भाषांत तेथे बोलता येते. स्वतःसाठी फोन करता येतो, तसेच घरातील दुसऱ्या कोणाची काळजी वाटत असेल तरीही.