जुनी गाडी कीं नवी?

आंब्याच्या पेट्या, भाजीच्या टोपल्या, दुधाचे कॅन वाहणारी लहान मालमोटार आमच्या सर्व वाचकांच्या ओळखीची आहे. पुढें दोघातिघांस बसण्याची जागा व मागें उघडा हौदा, अशा गाडीस लोक ‘पिकअप’ म्हणतात. अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या ‘टी’ मॉडेलवर कारखान्यांतच असा हौदा बसवून ती विकावयास काढली. तेव्हां तिची किंमत २८१ डॉलर होती. आपल्याकडे टाटांच्या पुण्याच्या कारखान्यांतून १९८८ सालीं ‘टाटामोबाइल’ बाहेर पडली. आतां कांहीं घरांच्या अंगणांत आजोबांची जुनी पिकअप व वडिलांची नवी पिकअप शेजारीं शेजारीं उभी असते. दोन्ही बाळगणें बहुधा परवडत नाहीं. मग जुनी दुरुस्त करावी, कीं नवी ठेवून जुनीचा निरोप घ्यावा?

रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या परिचयाच्या एका बागाईतदार कुटुंबांत हा प्रश्न उपस्थित झाला होता. जुनी गाडी आजोबांनीं कर्ज काढून घेतलेली. एका पावसाळी रात्रीं सुनेस प्रसूतीसाठीं रुग्णालयांत नेलें तें याच गाडींतून. त्या रात्रीं जन्मलेली मुलगी आतां महाविद्यालयांत जाण्याच्या वयाची झाली होती. आणि गाडीच्या दुरुस्तीसाठीं हात घालावयाचा तो तिच्याच शिक्षणाकरितां सांठविलेल्या पैशास, अशी अडचण होती. अशा वेळीं निर्णय मनाच्या ओढीनें न करितां कोणत्या क्रमानें करावा, हें आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम सांगाडा पाहावा. गाडीचें इंजिन बदलतां येतें, पत्रा नवा ठोकतां येतो. परंतु ज्यावर सर्व भार असतो तो सांगाडा, म्हणजे चासी, कुजली असेल तर बाकीचा खर्च व्यर्थ होय. लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु यांच्या संयोगानें गंज उत्पन्न होतो. पाण्यांत मीठ असलें म्हणजे ही क्रिया फार वेगानें चालते, म्हणून समुद्रकांठच्या गाड्या देशावरच्या गाड्यांपेक्षां लवकर झिजतात. गंज हा मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, त्यामुळें पापुद्रे फुगून येतात. जाणता मिस्त्री गाडीखालीं निजून लहान हातोडीनें चासी ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे; बद्द आवाज आला व खपल्या पडल्या तर आंत पोकळी झाली आहे. विशेषतः मागील पाटे जेथें चासीस जोडलेले असतात, ती जागा अवश्य तपासावी. जुन्या वस्त्रास नव्या कापडाचें ठिगळ लाविलें तर फाटलेलें अधिकच फाटतें, असा दृष्टांत प्रभु येशूनें दिला आहे. कुजक्या चासीवर जाड पत्रा वेल्डिंग करणाऱ्यानें तो आठवावा.

दुसरें इंजिन. तें गरम झाल्यावरही निळसर धूर येत असेल तर वंगणाचें तेल जळत आहे असें समजावें. कारण बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतें जळत नाहीं. हे दोष सुधारण्याजोगे आहेत. जुन्या इंजिनाचा मोठा गुण हा कीं, गांवचा मिस्त्री तें पान्यांनीं उघडून बसवूं शकतो. नव्या इंजिनांत इंधनाचें नियमन विजेच्या यंत्रणेकडे असल्यामुळें दोष शोधण्यास संगणक लागतो. उलटपक्षीं नवी गाडी कमी धूर सोडते, व तिचे ब्रेक बहुधा अधिक भरंवशाचे असतात. येथें एक सूचना मुलांस देतों: जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. तेथील धूळ कधींही फुंकून उडवूं नये. ती फुफ्फुसांस घातक आहे.

तिसरें कागदपत्र. माल वाहणाऱ्या गाडीचें पासिंग ती आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनीं व पुढें प्रतिवर्षीं करावें लागतें. २०२१ च्या नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या खासगी गाडीस ऐतिहासिक वाहन म्हणून निराळी नोंदणी मिळते. पण अशी गाडी प्रदर्शनासारख्या प्रसंगींच रस्त्यावर आणतां येते, तिनें धंदा करतां येत नाहीं. तेव्हां पंचवीस-तीस वर्षांची गाडी दुरुस्त करून ‘ऐतिहासिक’ म्हणवूं अशी आशा धरणें चूक होय.

चौथा हिशेब. समजा, गाडी वर्षांत १२,००० किलोमीटर धांवते. जुनी एका लिटरांत १० किलोमीटर व नवी १४ किलोमीटर जात असेल, तर जुनीस १,२०० लिटर व नवीस सुमारें ८५७ लिटर डिझेल लागेल. लिटरास ९० रुपये धरले तर वर्षाचें अंतर जवळजवळ ३१,००० रुपये होतें. ह्यांत दुरुस्तीचा खर्च व गाडी गॅरेजांत अडकल्यानें बुडालेले दिवस मिळवावे. आंब्याच्या हंगामांत चार दिवस गाडी बंद राहिली तर माल पिकून जातो! दुसऱ्या बाजूस नव्या गाडीचे हप्ते व विमा मांडावा. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा शुभवर्तमानांतील बोध अशाच प्रसंगासाठीं आहे.

वरील कुटुंबानें मिस्त्री बोलावला. इंजिन सुधारण्याजोगें निघालें. परंतु मागील पाट्यांजवळ हातोडी लागतांच चासीचा तुकडा हातीं आला. थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. शेवटीं आजोबाच नातीस म्हणाले, “बाय, गाडी घेतली ती घर पुढें न्यायलाच. आतां तें काम तूं कर.” जुनी गाडी सरकारमान्य निष्कासन केंद्रांत रीतसर देऊन तिची नोंदणी रद्द करण्यांत आली. स्टिअरिंगचें चाक मात्र आजोबांनीं काढून घेतलें. तें आज पडवींत खुंटीस टांगलेलें आहे, आणि मुलगी महाविद्यालयांत शिकत आहे.

चासी शाबूत असती, कागद चालू असते व पैसा मोकळा असता, तर आम्ही दुरुस्तीचाच सल्ला दिला असता. कारण चालती वस्तु केवळ जुनी म्हणून टाकणें ही उधळपट्टी होय. परंतु वस्तूवरील प्रेम व तिची उपयुक्तता हीं दोन निराळीं मापें आहेत. पहिलें विसरूं नये, आणि दुसरें मोजल्यावांचून राहूं नये, एवढेंच आमचें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणें आहे.