मीटरभर ओळीत बेचाळीस रोपं
(गव्हाची गोष्ट : लेखांक 5)

देवपुरात कुणाकडे मांडे असले की ते करायला बोलावलेल्या बाई आल्या आल्या परातीतलं पीठ चिमटीत घेऊन बघतात. पुरण नंतर. कणीक पाणी लावून लावून तिंबायची, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि अलगद तापल्या खापरावर सोडायचा. पिठाला ताण नसेल तर मांडा हातावरच फाटतो. मग बोलणी खातो तो गिरणीवाला किंवा दुकानदार. शेतात काय झालं होतं, हे कुणी विचारत नाही.

तो ताण ग्लुटेनचा. ग्लुटेन म्हणजे प्रथिन, आणि प्रथिन घडायला नत्र लागतं. गव्हाच्या दाण्यातलं नत्र मोजून त्याला 5.7 ने गुणलं की प्रथिन निघतं. हाच हिशेब उलटा करा. हेक्टरी 40 क्विंटल गहू आणि त्यात 12 टक्के प्रथिन असेल, तर नुसत्या दाण्यातच सुमारे 84 किलो नत्र घरी येतं. काड आणि मुळांतलं वेगळं. थोडं जमीन देते, बाकी आपण घालतो आणि घातलेल्यातलंही बरंच वाया जातं. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस आहे ती म्हणूनच. सोबत 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश. निम्मं नत्र पेरतानाच दोन चाड्यांच्या पाभरीने, उरलेलं पहिल्या पाण्याच्या वेळी.

आता दाटी. गेल्या आठवड्यात पेरणीची तारीख झाली, तेव्हा 'एकरी बी किती?' हा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला होता. शिफारस हेक्टरी 100 किलोची, म्हणजे एकरी 40. हा आकडा कुठून आला? हजार दाण्यांचं वजन 40 ग्रॅम धरलं तर 100 किलोत 25 लाख दाणे होतात. शेकडा 85 उगवले तर सव्वाएकवीस लाख रोपं. शेतात हवीत 20 ते 22 लाख. दाणा टपोरा असेल तर तेवढ्याच किलोत दाणे कमी भरतात, हे मात्र बी घेताना फार थोडे लोक मोजतात. आपल्या शेतात तपासायचं असेल तर उगवणीनंतर मीटरभर काठी ओळीला लावावी. दोन ओळींत 20 सेंटिमीटर अंतर असेल, तर काठीलगत बेचाळीसच्या आसपास रोपं दिसायला हवीत. मी मोजायला बसलो तेव्हा एका ठिकाणी सत्तर निघाली आणि पाच पावलांवर अठरा. मुठीने फेकलेल्या गव्हाचं हे असंच होतं.

खरी मेख पुढे आहे. गहू फुटवे करतो, म्हणून पातळ पेरलेला गहू थोडीफार जागा भरून काढतो. पण फुटवा जगायला नत्र लागतं आणि थंडीही लागते. पेरल्यापासून 18 ते 21 दिवसांत मुकुटमुळं फुटतात, फुटवेही त्याच सुमारास. नत्राचा दुसरा हप्ता तेव्हा हवा, तो यासाठी. महिन्याने रंग फिका दिसला म्हणून टाकलेल्या युरियाने पानं काळीभोर होतात, पण गेलेले फुटवे परत येत नाहीत. वर ओलसर चुनखडीच्या जमिनीवर भर उन्हात फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो तो वेगळाच. अनुदानामुळे 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, म्हणून हात सैल सुटतो, असं मला वाटतं.

दाट पेरा आणि त्यात जादा नत्र, हे सगळ्यांत महागात पडतं. रोपं एकमेकांच्या सावलीत उंच आणि लुसलुशीत वाढतात, ताटं कमजोर राहतात. ओंब्या भरल्या, वारा सुटला आणि नेमकं त्याच दिवशी पाणी दिलेलं असलं की गहू लोळलाच. लोळलेल्या गव्हाचा दाणा चिमतो. जुने उंच गहू खताला याच कारणाने टिकत नसत. 1960 च्या दशकात मेक्सिकोतून आलेल्या बुटक्या गव्हांचं मोल तिथेच होतं. बुटकेपणाचं जनुक मूळचं जपानच्या 'नोरिन 10' या वाणातलं.

आपल्याकडे आणखी एक अडचण कापसाची. पऱ्हाट्या उपटून गहू पेरायला डिसेंबर उजाडतो, आणि खानदेशात फेब्रुवारी सरता सरता ऊन चटका द्यायला लागतं. फुटव्यांना वेळच उरत नाही. म्हणून उशिरा पेरताना बी वाढवून 125 किलो, ओळी जवळ घेऊन 18 सेंटिमीटर, आणि नत्र मात्र कमी. बी वाढवलं म्हणजे खतही वाढवायचं, हा सरधोपट हिशेब इथे उलटा पडतो. पिकाला जे वापरायला दिवस नाहीत, ते घालून काय करणार?

प्रतीकडे वळू. सुरुवातीचं नत्र ओंब्यांची संख्या वाढवतं, ओंबी निसवताना मिळालेलं मुख्यतः दाण्यात प्रथिन म्हणून उतरतं. उतारा वाढला आणि नत्र पुरलं नाही, तर तेच प्रथिन जास्त दाण्यांत वाटलं जातं. बन्सी गव्हात हे डोळ्यांनी दिसतं. नत्र पुरलेला दाणा काचेसारखा आरपार, उपाशी दाण्यावर पांढरट-पिवळे पिठूळ डाग. असे डाग पडलेल्या गव्हाचा रवा नीट निघत नाही, व्यापारी भाव पाडतो. 55 आणि 70 दिवसांनी 19:19:19 ची 2 टक्के फवारणी सांगतात, म्हणजे 10 लीटर पाण्याला 200 ग्रॅम. त्याने पहिला चुकलेला हप्ता भरून येत नाही, पण दाणा भरायला हात मिळतो.

घरी मूठभर गहू असतील तर एक दाणा दाताखाली आडवा तोडून आतला रंग बघा. पुढच्या आठवड्यात पाणी, आणि रात्रीच्या विजेवर दारं धरणाऱ्यांची पंचाईत.