पतंगाच्या पंखांवरील ताळेबंद

सोयाबीनच्या पानावर पाठीची कमान करून चालणारी उंटअळी शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. तशाच चालीच्या, परंतु निराळ्या कुळातील अळ्यांना युरोपीय शास्त्रज्ञांनी ‘भूमापक’ म्हटले. पाय केवळ दोन्ही टोकांना असल्याने त्या वितीवितीने जमीन मोजीत चालल्याचा भास होतो. जो हिशेब इंग्लंडच्या गिरणीमालकांच्या वह्यांत सापडत नाही, तो याच कुळातील एका ठिपकेदार पतंगाने नोंदवून ठेवला आहे.

हा पतंग मूळचा पांढुरका. रात्री उडावे आणि दिवसा दगडफुलाने मढलेल्या खोडाफांद्यांवर निश्चल बसावे, हा त्याचा क्रम. पक्ष्यांपासून बचावास रंग हेच त्याचे साधन. कोळशाच्या धुराने दगडफूल मेले, साली काजळल्या आणि ते साधन निरुपयोगी ठरले. १८४८ मध्ये मँचेस्टरला काळ्या पतंगाची नोंद झाली. १८९५ पर्यंत तेथे काळ्यांचे प्रमाण सुमारे ९८ टक्के झाले. पांढुरका पतंग काळा झाला नाही. पांढुरके टिपले गेले, काळ्यांची संतती उरली. बर्नार्ड केटलवेल यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांवर पुढे आक्षेप आले. परंतु मायकेल मॅजेरस यांच्या २००१ ते २००७ मधील निरीक्षणांनी, ही निवड पक्षीच करतात, यास पुष्टी दिली.

कापडाच्या किमतीत कापूस, मजुरी, कोळसा यांचा खर्च धरला जाई, काजळीचा नव्हे. अर्थशास्त्र ज्याला बाह्य खर्च म्हणते, तो हाच. तो झाडांनी, पतंगांनी आणि माणसांच्या फुप्फुसांनी परस्पर भरला. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या विषारी धुक्याने हजारो बळी घेतले, तेव्हा कोठे १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. पुढे हवा निवळली, साली उजळल्या आणि पांढुरके पतंग पुन्हा बहुसंख्य झाले.

भारतातही वायुप्रदूषण नियंत्रणाचा कायदा १९८१ पासून आहे. तरीही चंद्रपूरसारख्या कोळशाच्या शहरात धुराची किंमत विजेच्या देयकात पूर्णपणे उतरत नाही. ती रहिवाशांच्या श्वासांतून वसूल होते. वर्षाला एक पिढी या गतीने पतंगाने धुराशी जुळवून घेतले, तेही असंख्य पांढुरक्यांचा बळी देऊन. मनुष्याला तो मार्ग नाही. त्याच्यापाशी कायदा आहे. तो वेळीच राबवणे, एवढेच त्याच्या हाती आहे.