पदर बाहेरचे, फळ घरचे

फळांचे सारण भरलेली पफ पेस्ट्री घरी करण्याचा विषय निघाला की बोलणे हटकून पदरांवर येते. लोणी कोणते वापरले, घड्या किती घातल्या, ओव्हनमध्ये पदर सुटले की नाही, यावरून करणाऱ्याची पारख होते. आतल्या फळाबद्दल फारसे कोणी विचारत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आजवर हा पदार्थ कसा बदलत आला ते पाहिले, तर ही पारख मला उलटी वाटते. पदर करण्याचे काम टप्प्याटप्प्याने घराबाहेर जात राहिले, आधी बेकरीत आणि मग कारखान्यात. फळ शिजवण्याचे काम मात्र घरी राहू शकते, आणि या पदार्थातला घरी सर्वांत चांगला साधणारा भागही तोच आहे. म्हणून बाजारातून पफ शीट आणून आत स्वतः शिजवलेले सफरचंद भरणाऱ्याला, किंवा भरणारीला, आपण अर्धेच काम केले असे वाटण्याचे कारण नाही. हे नुसते समाधान म्हणून सांगत नाही. मागची चारशे वर्षे तेच दाखवतात.

पफ पेस्ट्री म्हणजे फ्रेंच कारागिरांची कला आणि घरातली पफ म्हणजे तिची कच्ची नक्कल, हा समज पक्का असल्यामुळे सुरुवात तिथूनच करायला हवी. क्लोद लोरँ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या चित्रकाराने उमेदवारीच्या काळात लोणी पिठात गुंडाळून भाजले आणि त्यातून पफ पेस्ट्री जन्मली, अशी कथा अजून सांगितली जाते. तारखा तिच्या विरोधात आहेत. त्याचा जन्मच १६०० च्या आसपासचा, आणि १५९६ साली छापल्या गेलेल्या थॉमस डॉसनच्या ‘द गुड हसवाइफ्स ज्युएल’ या इंग्रजी पुस्तकात पीठ, अंडी आणि थंड लोणी घेऊन कणीक भिजवायची, ती लाटायची, तिच्यावर लोण्याचे तुकडे मांडायचे, दुमडून पुन्हा लाटायची आणि हे पाच-सहा वेळा करायचे, अशी कृती दिलेली आहे. गर्वेस मार्कमचे ‘द इंग्लिश हसवाइफ’ १६१५ मध्ये आले, त्यातही पफची कणीक आहे. स्पेनच्या राजाचा आचारी फ्रान्सिस्को मार्तिनेस मोन्तिन्यो याने १६११ मध्ये पदरांच्या पेस्ट्रीच्या कृती दिल्या. फ्रान्सचे ‘ल पातिसिए फ्रांस्वा’ १६५३ चे. म्हणजे फ्रेंच पुस्तकाच्या अर्धशतकाहून अधिक आधी ही कृती गृहिणीसाठी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात होती. कोणी म्हणेल, ही गृहिणी सामान्य घरातली नव्हती. ते खरे आहे. तिच्याकडे जमीन होती, नोकरमाणसे होती, स्वतःच्या गाईंचे लोणी होते. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो. घरी पदर साधणे आधीपासून हातांच्या संख्येवर आणि घरातल्या गारव्यावर अवलंबून होते, केवळ कौशल्यावर नव्हे.

गारव्याचे कारण लोण्यात आहे. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात बहुतांश पाणी. तीन-तीन पदरी सहा घड्या घातल्या की कणकेत लोण्याचे ७२९ थर होतात. ओव्हनच्या तापात लोणी वितळते, त्यातल्या आणि कणकेतल्या पाण्याची वाफ होते, ही वाफ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा मागते आणि कणकेचा एकेक पापुद्रा वर उचलला जातो. हे सगळे घडायला ओव्हनमध्ये जाईपर्यंत लोण्याचे थर अखंड राहायला हवेत. लोणी फार गार असेल तर लाटताना त्याचे तुकडे पडतात, मऊ पडले तर ते कणकेत मुरते आणि साधी खुसखुशीत पोळी तयार होते. सोयीचे तापमान १५ अंशांच्या आसपासचे. इंग्लंडातल्या दगडी फरशीच्या कोठीघरात ते वर्षातले कितीतरी महिने आपोआप मिळे. एकोणिसाव्या शतकात युरोपातले नामवंत पेस्ट्रीकार उन्हाळ्यात कणीक बर्फावर ठेवून ही अडचण सोडवत. मिसेस बीटनच्या १८६१ च्या प्रसिद्ध पुस्तकात चांगल्या पफसाठी जितके पीठ तितकेच लोणी सांगितले आहे. थंड हवेच्या देशातच असे प्रमाण निर्धास्तपणे लिहिता येते. मुंबईत अमेरिकेतून बर्फ येऊ लागला तो १८३० च्या दशकात, आणि तोही मोजक्या श्रीमंतांच्या टेबलापुरता. मे महिन्यात कोकणातल्या स्वयंपाकघराचे तापमान लोणी पूर्ण वितळण्याच्या तापमानाला सहज गाठते. तिथे ७२९ थरांचा विचार कोणी केला नाही, यात नवल नाही.

पदरांचा विचार मात्र आपल्याकडे झाला होता, आणि तो गारव्याशिवाय. चिरोट्यात आणि साट्याच्या करंजीत तूप फेसून त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोर मिसळतात. हा साटा पोळ्यांमध्ये लावून एकावर एक पोळ्या रचतात, घट्ट वळकटी करतात, तिच्या लाट्या कापून हलक्या हाताने लाटतात आणि मंद आचेवर तळतात. तुपात पाणी जवळजवळ नसतेच, म्हणून तूप काही पदर उचलत नाही. साट्यातली पिठी दोन पापुद्र्यांना चिकटू देत नाही आणि तळताना ते आपोआप सुटे होतात. पिठीमुळे तूप जागच्या जागी राहते, म्हणून उन्हाळ्यातही साटा वाहून जात नाही. बीटनबाईंच्या प्रमाणाला जे कोठीघर लागत होते ते इथल्या गृहिणीने मूठभर पिठीने भागवले. मला हे अतिशय हुशारीचे वाटते, आणि पाककलेच्या इतिहासात त्याची नोंद पुरेशा आदराने झालेली नाही याची खंतही वाटते. अर्थात, चिरोटे घरोघरी होत होते तेव्हा पदर घराबाहेर गेले असे कसे म्हणायचे, असे कोणी विचारू शकते. उत्तर सारणात आहे. साट्याच्या करंजीत सुके खोबरे, भाजलेली खसखस, पिठीसाखर असे कोरडे सारण भरतात. ओल्या नारळाचे सारण असेल तर तेही चांगले परतून घेतात. रसाळ फळ कोणी भरत नाही, कारण फळातले पाणी तळणात उतरले की तेल उडते आणि करंजी फुटते. साट्याने उष्ण हवेचा प्रश्न सोडवला, ओल्या सारणाचा सोडवला नाही. तो सोडवण्याची गरजही तेव्हा नव्हती.

ओव्हनमधली पदरांची वस्तू मराठी माणसाला मिळाली ती बेकरीतून, चहाबरोबरची खारी आणि दुपारचे गरम पॅटिस या रूपांत. मुंबईतल्या इराण्यांच्या आणि गोवेकरांच्या भट्ट्या, पुण्यातल्या बेकऱ्या, यांनी ही चव गावोगावी नेली. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि वनस्पती तूप सगळीकडे मिळू लागले, तेव्हा बेकऱ्यांची मोठी सोय झाली. लोण्यापेक्षा स्वस्त, आणि उन्हाळ्यातही घट्ट राहणारे. घरांत फ्रिज यायला त्यानंतर बराच काळ गेला. गोदरेजने भारतीय बनावटीचा फ्रिज काढला तो १९५८ मध्ये, आणि पुढची कित्येक वर्षे तो मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरच होता. ओव्हनची गोष्ट त्याहून पुढची. त्यामुळे पॅटिस विकतच आणायचे, हा रिवाज ठरून गेला. बेकरीतल्या पॅटिसमध्ये बटाटा, खिमा, भाजी आली, फळ क्वचितच आले. त्यामागे चवीच्या सवयीइतकाच हिशेबही असावा. बटाट्याची भाजी सकाळी भरली तर संध्याकाळपर्यंत पॅटिस टिकते, फळ भरले तर दोन-तीन तासांत तळ ओला होतो. दिवसभर काचेच्या कपाटात मांडून ठेवण्याच्या मालाला फळ परवडत नाही. ते परवडते घराला, कारण घरी ओव्हनमधून निघालेली पेस्ट्री तासाभरात ताटात येते.

आता फ्रीझरमधून काढायच्या पफ शीट मोठ्या शहरांतल्या दुकानांत मिळतात आणि अमेरिका-इंग्लंडमधल्या मराठी घरांना तर त्या कधीच्या परिचयाच्या आहेत. त्यांच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप असा, की शीट विकतची असेल तर पदार्थ घरचा कसा? हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो आपण सोयीने लावतो. पुरणपोळीसाठी गहू जात्यावर दळणे थांबले, गूळ घरी कढवणे तर कधी नव्हतेच, तरी पुरणपोळी घरचीच राहिली, कारण तिचा जीव पुरणात आहे आणि पुरण घरी शिजते. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. बऱ्याच शीटमध्ये लोणी नसते, मार्गारीन किंवा वनस्पती असते. त्याने पदर उंच येतात पण चव लोण्याची येत नाही, आणि घट्ट स्निग्धांश टाळूला चिकटून राहतो. पूर्वी त्यात ट्रान्स फॅटचीही भीती होती. भारतात तेला-तुपांतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली, त्यामुळे ती भीती बरीच कमी झाली आहे. चवीचा मुद्दा उरतोच. ज्याला वेळ आहे आणि डिसेंबर-जानेवारीचा गारवा आहे त्याने लोण्याची कणीक जरूर करावी. दोन घड्या झाल्या की ती अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये विसावू द्यावी आणि मगच पुढच्या घड्या घालाव्यात. ज्युलिया चाइल्डच्या पुस्तकाच्या १९७० मध्ये निघालेल्या दुसऱ्या खंडाने ही कणीक अमेरिकेतल्या घरांना समजावली तीही फ्रिजच्या भरवशावर. पण हे सगळे करून आत बाटलीतला जॅम ओतला, तर सगळी मेहनत पदरांवर गेली आणि खाणाऱ्याच्या तोंडात राहिली ती साखर.

खरी परीक्षा फळाची आहे, कारण सफरचंदात आणि आंब्यात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते. वाफ कणकेतून निघाली तर पदर उचलते, सारणातून सुटलेले पाणी मात्र तळाच्या पदरांत मुरून त्यांचा गोळा करते. हे जगात जिथे जिथे उमगले तिथे उपाय एकच निघाला, फळातले पाणी आधी काढायचे. जुन्या इंग्रजी कृतींत टार्टसाठी सुके आलुबुखार वाइनमध्ये शिजवून गाळून घेत. फ्रान्समधला ‘शोसाँ ओ पोम’ हा सफरचंदाचा अर्धगोल पफ. त्याच्यासाठी सार्त प्रांतातले सँ-काले हे गाव प्रसिद्ध आहे आणि तिथे दर सप्टेंबरला त्याचा उत्सव भरतो. त्यात सफरचंद घट्ट शिजवून भरतात. क्यूबातल्या ‘पास्तेलितो’मध्ये पेरूची वडी कापून घालतात, जिच्यात पाणी फारसे उरलेलेच नसते. अगदी तशीच पेरूची वडी गोव्यात पेराद म्हणून होते, आंब्याचे मांगाड होते, आणि दोन्हींमागे पोर्तुगीज काळात आलेली साखरेत फळ आटवण्याची रीत आहे. घाटावर आणि कोकणात आटवलेला आमरस, साखरांबा, मोरंबा हे वर्षाचे काम होते. फळ कितपत आटवायचे, तार कधी येते, उलथन्यावरून कसे पडले म्हणजे झाले, हे ज्ञान मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. फ्रेंच कारागिराला पदरांत जी गती आहे, ती या घरांना फळ आटवण्यात आहे. विकतच्या शीटने हे ज्ञान बिनकामाचे होत नाही, उलट त्याला नवी जागा मिळते.

यावर कोणी म्हणेल, आटवलेला आमरस आंब्याच्या पोळीत छान, पफमध्ये तो फार गोड आणि जड होतो. तसे होते खरे, कारण पोळीसाठी आपण त्यात बरीच साखर घालतो. पफसाठी रस आटवावा, पण साखर बेताची घालावी आणि शेवटी लिंबू पिळावे. रस आटला की आंब्याची स्वतःची साखरही दाट होते, हे लक्षात ठेवून चव घ्यावी. सफरचंदाचे गणित वेगळे आहे. आपल्या बाजारातली हिमाचली सफरचंदे बव्हंशी डिलिशस जातीची. ती सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ मध्ये कोटगढला आणली. खायला ती गोड, पण शिजवल्यावर भुसभुशीत होतात आणि त्यांच्यात आंबटपणा कमी असतो. इंग्रजी पाय ज्या ब्रॅमली जातीवर पोसले, ती कमालीची आंबट. म्हणून परदेशी कृतीतली साखर आपल्या सफरचंदांना जशीच्या तशी लावली की सारण मिठ्ठ होते. साखर निम्मी करावी, लिंबू वाढवावे, फोडी मोठ्या ठेवून लोण्यावर पाणी आटेपर्यंत परताव्यात. अननसाच्या फोडी आधी शिजवून निथळून घ्याव्यात, आणि निथळलेला रस टाकून न देता वेगळा आटवून फोडींना लावावा, कारण सुगंध रसातच असतो. पुरंदरच्या ताज्या अंजिरांना फार शिजवण्याची गरज नाही. चार फोडी, थोडा लिंबाचा रस आणि खाली बदामाची पूड पुरते. ती पूड सुटणारे पाणी शोषून घेते.

कोणतेही सारण भरण्याआधी पूर्ण गार हवे, कारण गरम सारण कणकेतले लोणी ओव्हनच्या आधीच वितळवते. चार इंची चौकोनात एक मोठा चमचाच भरावे, कडा पाण्याच्या बोटाने चिकटवाव्यात, वर दोन चिरा द्याव्यात आणि भरलेली पेस्ट्री वीस मिनिटे पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावी. मग २०० अंशांना तापलेल्या ओव्हनमध्ये घालून वरून तांबूस, खालून कोरडी होईपर्यंत भाजावी. पंचवीस मिनिटे तरी लागतात. वरचा रंग लवकर येतो, म्हणून काढण्याआधी एक उचलून तिचा तळ पाहावा. तळ अजून फिकट असेल तर ट्रे सर्वांत खालच्या खाचेत सरकवून आणखी पाच मिनिटे द्यावीत.