मध्यरात्री नागपुरात भेटणारं टपाल

30 जानेवारी 1949 रोजी देशात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला रात्रपाळी लागली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं. चारही नागपूरला उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि जो तो आपल्या गावी परत. सकाळी मुंबईच्या विमानातून उरलेल्या तिन्ही शहरांची पत्रं उतरत.

हिशेब साधा, पण चलाख होता. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. नागपूर मध्ये धरलं की चारच पुरतात. शिवाय दिवसभर पेट्यांत पडलेलं टपाल संध्याकाळी गोळा होतं आणि रात्री कोणी त्याची वाट पाहत नसतं. ते रिकामे तास या सेवेने वापरले. रेल्वेच्या मेलने मुंबईचं पत्र कलकत्त्याला जायला दीड-दोन दिवस लागत, त्या काळातली ही गोष्ट.

टपालासाठी विमान आपल्याकडे नवं नव्हतं. 18 फेब्रुवारी 1911 रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रं नेली होती. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. पण ही सगळी दिवसाउजेडीची उड्डाणं. काळोखात, ठरल्या वेळी, रोज चार विमानं एका जागी आणणं हे वेगळंच काम.

त्यासाठी लागणारी विमानं युद्धाने दिली. दुसरं महायुद्ध संपल्यावर डाकोटा विमानं स्वस्तात विक्रीला निघाली आणि खासगी विमान कंपन्यांचं पेव फुटलं. त्यांना धंदा हवा होता, टपाल खात्याला वेग. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी संधी साधली. 1 एप्रिल 1949 पासून देशांतर्गत साधी पत्रंही, वेळ वाचत असेल तिथे, जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. हा निर्णय मला विमानांपेक्षाही मोठा वाटतो. विमानाचं टपाल ही तोवर जास्त पैसे मोजणाऱ्यांची चैन होती.

थैल्यांबरोबर माणसंही जात. तिकीट दिवसाच्या विमानापेक्षा स्वस्त. मोबदल्यात नागपुरात विमान बदलायचं आणि झोपेचं खोबरं. या रचनेत एक खोट होतीच: एका विमानाला उशीर झाला की बाकीची तिन्ही खोळंबणार.

1953 मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली. पुढे जेट विमानं मोठ्या शहरांमध्ये थेट ये-जा करू लागली, तसं नागपूरच्या थांब्याचं कारण उरलं नाही. सत्तरच्या दशकात ती बंद झाली.

एप्रिल 1973 मध्ये अमेरिकेत फेडरल एक्सप्रेसने मेम्फिसला 14 विमानं रात्री एकत्र आणून पार्सलं वाटायला सुरुवात केली. व्यवस्थापनाच्या वर्गांत आज तेच उदाहरण शिकवतात. नागपूर त्याच्या चोवीस वर्षं आधीचं आहे.