रक्तनमुना घेण्याचे शिक्षण : पाठ घरी, सराव रुग्णालयात

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय 1956 साली स्थापन झाले. ‘घाटी’ या नावाने ते साऱ्या मराठवाड्यास परिचित आहे. अशा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाच्या उपचारांची दिशा अनेकदा लहानशा नळीतील रक्तावरून ठरते. डॉक्टरांचे निदान व प्रयोगशाळेतील यंत्र यांचे कार्य त्यानंतरचे. तत्पूर्वी कोणीतरी रुग्णाच्या दंडास पट्टा बांधून शिरेत सुई घातलेली असते. हे काम करणारा तो फ्लेबॉटॉमी तंत्रज्ञ होय.

2017 मध्ये राज्यात महालॅब योजना सुरू झाली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत घेतलेले नमुने दूरच्या प्रयोगशाळेत तपासले जाऊ लागले. तेव्हापासून निष्णात हातांची गरज खेड्यापर्यंत पोहोचली. पैठण, कन्नड, सोयगाव अशा तालुक्यांतील बारावी झालेल्या मुलामुलींना हा व्यवसाय आकर्षक वाटावा, हे स्वाभाविक आहे. शहरात राहण्याचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांना घरबसल्या ऑनलाइन शिक्षणाची जाहिरात विशेष मोह घालते. म्हणूनच या मार्गाने काय शिकता येते व काय येत नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

घरी शिकता येण्याजोगे

या कामामागील शास्त्र मोबाइलच्या पडद्यावर उत्तम रीतीने समजावता येते. नळ्यांच्या टोपणांचे रंग हे त्याचे उदाहरण. एकाच वेळी अनेक नळ्या भरावयाच्या असल्यास सामान्यतः निळी, लाल, हिरवी, जांभळी व शेवटी करडी असा क्रम पाळतात. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. क्रम चुकून त्याचा अंश लाल नळीत गेला, तर अहवालात पोटॅशियम खोटेच वाढलेले व कॅल्शियम घटलेले दिसते. नळी जोराने हलवल्यास रक्तपेशी फुटतात व पोटॅशियमचा आकडा फुगतो. पट्टा एक मिनिटापेक्षा अधिक काळ बांधून ठेवल्यासही काही निष्कर्ष बदलतात. यंत्र निर्दोष असूनही अहवाल चुकतो आणि त्याची झळ रुग्णास बसते. रुग्णास त्याचे नाव स्वतः सांगावयास लावणे व नळीवरील चिठ्ठी त्याच्यासमोरच लावणे, हेही पाठांतून शिकवता येते.

हातानेच शिकावे लागणारे

शीर डोळ्यांपेक्षा बोटांना अधिक कळते. वृद्धाची सरकणारी शीर, बालकाची बारीक शीर, जुलाबाने शुष्क झालेल्या रुग्णाची दबलेली शीर यांची ओळख चित्रफितीतून होत नाही. प्रथम कृत्रिम हातावर व नंतर अनुभवी तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर सराव करावाच लागतो.

येथे विद्यार्थ्याच्या जिवाचाही प्रश्न आहे. बाधित रुग्णाची सुई टोचल्यास एचआयव्हीची लागण सुमारे हजारांत 3 प्रसंगी होते. लस न घेतलेल्या व्यक्तीस हिपॅटायटिस ‘बी’ होण्याचा संभव मात्र शंभरात 30 पर्यंत असू शकतो. म्हणून सरावापूर्वी या लसीच्या मात्रा पूर्ण व्हाव्यात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये; 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या पेटीत टाकावी. सुई टोचलीच, तर जागा साबण व पाण्याने धुऊन ताबडतोब कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात.

प्रवेशापूर्वीची चौकशी

संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या शिक्षणाचे नियमन करण्यासाठी 2021 मध्ये केंद्रीय कायदा झाला. वैद्यकीय प्रयोगशाळा शास्त्राचा त्यात समावेश आहे. 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखालील अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने न चालवण्याचे निर्देश उच्च शिक्षण संस्थांना दिले. कौशल्य प्रशिक्षणाच्या क्षेत्रात आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषदेने या कामाचे मानक ठरवले आहे. तेव्हा निव्वळ ऑनलाइन प्रमाणपत्र देऊ करणाऱ्या संस्थेस शुल्क भरण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. प्रमाणपत्रास मान्यता कोणाची? प्रत्यक्ष सराव कोणत्या रुग्णालयात व किती दिवस? देखरेखीखाली किती नमुने घ्यावयास मिळतील? लसीकरण व सुई टोचल्यास उपचार यांची जबाबदारी कोणाची? उत्तरे लेखी घ्यावीत आणि मान्यता देणाऱ्या संस्थेकडून त्यांची खातरजमा करावी.

शिक्षकांनी बारावीच्या वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हे प्रश्न समजावून सांगितले, तर अनेक कुटुंबांचा पैसा व मुलांची उमेदीची वर्षे वाचतील. तसेच उद्या गावच्या आरोग्य केंद्रात रक्त देण्यासाठी हात पुढे करणाऱ्या ग्रामस्थास समोरचा हात शिकलेला असल्याचा भरवसा वाटेल.